प्रवासी ट्रेलरमधील फ्रीज थंड राहत नसेल तर : कारणांचा क्रमवार शोध

अमेरिका आणि कॅनडात मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या प्रवासी ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, पूर्वापार जो फ्रीज बसवला जातो, तो दिसायला घरातल्या फ्रीजसारखाच असला तरी त्याची अंतर्गत रचना सर्वस्वी वेगळी असते, आणि हा वेगळेपणा ठाऊक नसल्यामुळेच त्याच्याविषयीच्या तक्रारींचे निदान वारंवार चुकते. घरगुती फ्रीजमध्ये विजेच्या मोटारीवर चालणारा कॉम्प्रेसर वायू दाबून त्याचा द्रव करतो. ट्रेलरमधल्या या फ्रीजमध्ये मात्र मोटार नसते, पंप नसतो, हलणारा एकही भाग नसतो, आणि थंडावा निर्माण होतो तो गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने पुरवलेल्या उष्णतेतून. या प्रकाराला शोषण-प्रशीतन म्हणतात, कारण त्यात अमोनिया वायू पाण्यात शोषला जाणे आणि तापवल्यावर त्यातून पुन्हा मोकळा होणे या दोन क्रियांवर सगळे चक्र उभे असते. असा फ्रीज थंड राहत नाही म्हणून त्याचे मागचे नळ्यांचे युनिट बदलण्याचा महागडा निर्णय अनेक जण घाईने घेतात. वास्तविक फ्रीज समतल आहे का, त्याची उष्णता बाहेर पडते का आणि त्याला पुरेशी उष्णता मिळते का, हे तीन प्रश्न ओळीने सोडवले तर बऱ्याच तक्रारींचे मूळ युनिटच्या बाहेरच सापडते.

ही रचना बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश तरुणांनी स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकत असताना १९२२ मध्ये शोधून काढली, आणि इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२५ पासून तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आज ट्रेलरच्या फ्रीजवर ठळकपणे दिसणारे डोमेटिक हे नाव त्याच व्यवसायाच्या परंपरेतून आलेले आहे. फ्रीजच्या पाठीमागे, ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूची जाळी काढली की दिसणाऱ्या नळ्यांच्या बंदिस्त जाळ्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे तीन पदार्थ कारखान्यातच भरून नळ्या कायमच्या सीलबंद केलेल्या असतात. तळाशी असलेल्या बॉयलरमध्ये अमोनियायुक्त पाणी तापले की अमोनियाचे बुडबुडे उठतात, आणि उकळत्या आधणातले बुडबुडे तांदळाचे दाणे जसे वर उचलतात, तसे हे बुडबुडे पाण्याचे थेंब एका बारीक नळीतून वर ढकलतात. पंप नसताना द्रव फिरत राहतो तो याच युक्तीमुळे. मोकळा झालेला अमोनिया वायू वरच्या टोकाला पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या कंडेन्सर नावाच्या भागात पोचतो, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो, आणि मग फ्रीजच्या आतल्या बाजूला हायड्रोजनच्या सहवासात कमी तापमानाला बाष्पीभूत होताना आधी फ्रीझरची व नंतर खालच्या मुख्य कप्प्याची उष्णता शोषून घेतो. पुढे खालच्या वळणदार नळ्यांत पाणी या अमोनियाला पुन्हा शोषून घेते, हलका हायड्रोजन वर परततो आणि चक्र पुन्हा सुरू होते. या वर्णनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात : द्रव केवळ उतारावरून वाहतो, त्यामुळे फ्रीज कलंडलेला चालत नाही, आणि अमोनियाचा द्रव होण्यासाठी मागच्या बाजूने हवा खेळती असावी लागते.

तपासणीची सुरुवात पेचकसाने न करता तापमापकाने करावी. दार उघडताच आतली हवा तापते, त्यामुळे हवेचे तापमान फसवे ठरते. म्हणून पाण्याने भरलेल्या पेल्यात तापमापक ठेवून तो पेला मधल्या फळीवर रात्रभर राहू द्यावा आणि सकाळी, भर दुपारी व सूर्यास्तानंतर अशा वेळांच्या नोंदी घ्याव्यात. मुख्य कप्प्यात ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास तापमान ही योग्य स्थिती होय. नोंदींचा नमुनाच पुष्कळ काही सांगून जातो. रात्री थंड राहणारा फ्रीज दुपारी तापत असेल तर संशय वायुवीजनावर घ्यावा. एका मुक्कामी उत्तम चालणारा फ्रीज दुसऱ्या मुक्कामी निकामी वाटत असेल तर जमिनीचा उतार किंवा तिथल्या विजेचा कमी दाब तपासावा. आणि फ्रीझर गोठलेला असताना खालचा कप्पा मात्र कोमट राहत असेल तर द्रव अमोनिया पुरेशा प्रमाणात तयार होत नाही असे समजावे, कारण अमोनिया आधी फ्रीझरमधून जातो आणि तुटवडा नेहमी खालच्या कप्प्याला जाणवतो. शोषण-प्रशीतन मंद गतीने चालते आणि गरम फ्रीज थंड व्हायला बारा तासांपासून पूर्ण एक दिवस लागू शकतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम ठरवण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. तासाभरात दोन-तीन दुरुस्त्या करून मोकळे होणाऱ्याला नेमके काय उपयोगी पडले हे कधीच कळत नाही.

समतलपणाची तपासणी सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची आहे, पण ती करण्याची पद्धत बहुधा चुकीची असते. गवंडी वापरतात तशी छोटी पाणसळ ट्रेलरच्या जमिनीवर न ठेवता फ्रीझरच्या तळावर, एकदा आडवी आणि एकदा उभी अशी ठेवावी. ट्रेलरमध्ये फ्रीज बहुधा बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसवलेला असल्याने ट्रेलर पुढे झुकला की फ्रीज मात्र डाव्या-उजव्या बाजूला कलतो, आणि त्याला अधिक जाचणारा कल नेमका हाच असतो. दाराकडे तोंड करून पाहिल्यास डावी-उजवीकडे सुमारे ३ अंश आणि पुढे-मागे सुमारे ६ अंश एवढा कल बऱ्याच अलीकडच्या फ्रीजना चालतो; जुन्या नमुन्यांना याहून कमी. मर्यादेपलीकडे कललेल्या अवस्थेत फ्रीज चालू ठेवला तर द्रव मध्येच कुठेतरी साचून राहतो, बॉयलर कोरडा तापत जातो, आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रवात मिसळलेले सोडियम क्रोमेट तापून खड्यांसारखे जमते व बारीक नळी कायमची तुंबवते. हे नुकसान थोडे-थोडे साचत जाते आणि भरून येत नाही, म्हणूनच अंगणातल्या उतारावर आठवडाभर उभा केलेला आणि आतला फ्रीज चालू ठेवलेला ट्रेलर पुढच्या सहलीत दगा देतो. वाहन धावत असताना ही अडचण येत नाही, कारण रस्त्याच्या चढउतारांनी आणि हिसक्यांनी द्रव सतत हलत राहतो. उतारावरचा थांबा लांबणार असेल तर मात्र फ्रीज बंद करणे श्रेयस्कर.

वायुवीजनाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण उन्हाळ्यातल्या तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच असते, आणि नवाकोरा ट्रेलरही त्याला अपवाद नसतो. खालच्या जाळीतून थंड हवा आत येते, नळ्यांची उष्णता घेऊन हलकी होते आणि छतावरच्या झरोक्यातून निघून जाते. हा ओघ नैसर्गिक असल्याने तो सहज अडतो. कुंभारीण माशीने जाळीत बांधलेले मातीचे घर, पक्ष्यांनी छतावरच्या झरोक्यात जमवलेल्या काड्या, उडून आलेला पाचोळा हे अडथळे हाताने दूर करता येतात. त्याहून घातक, पण नजरेआड राहणारा दोष म्हणजे कंडेन्सर आणि ट्रेलरची बाहेरची भिंत यांच्यामध्ये सुटलेली जास्तीची पोकळी : ती एक इंचाहून जास्त असेल तर हवा पत्र्याच्या पट्ट्यांमधून जाण्याऐवजी सोप्या वाटेने, भिंतीलगत वर निसटते आणि अमोनियाची उष्णता जागच्या जागी राहते. अशा ठिकाणी वाकवलेला पत्रा आडवा बसवून हवेला कंडेन्सरकडे वळवावे लागते, आणि फ्रीज ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीत असल्यामुळे छतावरच्या झरोक्याऐवजी भिंतीतच वरची जाळी दिलेली असेल तर १२ व्होल्टवर चालणारे छोटे पंखे जोडण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. पंखे आधीपासून असतील तर ते फिरतात की नाही हे भर दुपारी पाहावे, कारण ते ठरावीक उष्णतेनंतरच सुरू होतात आणि सकाळी बंद दिसले म्हणून बिघडले असे होत नाही. दोष वायुवीजनाचा आहे की नाही हे ठरवण्याची एक खात्रीची युक्ती अशी की फ्रीज विजेवर चालवावा, खालची जाळी काढावी आणि घरगुती टेबलपंख्याचा झोत काही तास आत सोडावा. तापमान स्पष्टपणे उतरले तर युनिट निर्दोष असून त्याला केवळ हवा कमी पडत होती, असा निष्कर्ष काढता येतो. ही चाचणी गॅसवर करू नये, कारण झोताने ज्योत विझते. ॲरिझोनातील फिनिक्सच्या परिसरात उन्हाळ्यात पारा ४३ अंशांपलीकडे जाणे नित्याचे आहे. अशा ठिकाणी निर्दोष फ्रीजचीही दमछाक होते, म्हणून फ्रीजची बाजू दुपारनंतर सावलीत येईल अशा रीतीने ट्रेलर उभा करणे हा उपाय कोणत्याही सुट्या भागापेक्षा अधिक गुण देतो.

यानंतर उष्णतेच्या पुरवठ्याचा विचार करावा, आणि इथे या फ्रीजच्या रचनेतच निदानाची एक उत्तम सोय आहे : तो गॅसवरही चालतो आणि विजेवरही. एक रात्र केवळ विजेवर आणि एक रात्र केवळ गॅसवर चालवून दोन्ही वेळची तापमाने ताडून पाहावीत. एका साधनावर फ्रीज नीट थंड होत असेल तर सीलबंद युनिट चांगले आहे हे सिद्ध होते आणि दोष दुसऱ्या साधनापुरता मर्यादित राहतो. केवळ एवढ्या परीक्षेने अनेकांचा मोठा खर्च वाचू शकतो.

विजेवर थंडावा कमी पडत असेल तर हीटर तपासावा. वीज पूर्ण बंद करून हीटरच्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि मल्टिमीटरने, म्हणजे विजेचा दाब व रोध मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने, रोध पाहावा. व्होल्टच्या वर्गाला हीटरवर लिहिलेल्या वॅटने भागले की अपेक्षित आकडा मिळतो, उदाहरणार्थ १२० व्होल्ट व ३०० वॅटचा हीटर असेल तर ४८ ओहम. काही फ्रीजमध्ये दोन हीटर असतात आणि त्यांपैकी एकच जळाल्यास फ्रीज बंद न पडता अर्धवट थंड होत राहतो, त्यामुळे दोन्ही वेगवेगळे मोजावेत. हीटर चांगला निघाला तर मुक्कामाच्या जागेवरचा विजेचा दाब पाहावा, कारण गर्दीच्या तळावर संध्याकाळी सगळ्यांचे वातानुकूलक एकदम सुरू झाले की दाब उतरतो, आणि १२० ऐवजी १०५ व्होल्ट मिळाले तर हीटरची उष्णता जवळपास पाऊण हिश्श्यावर येते. गॅस, १२० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्ही साधनांवर चालणाऱ्या फ्रीजमधला १२ व्होल्टचा हीटर हा प्रवासात थंडावा टिकवण्यापुरता असतो. तो बॅटरीतून १५ अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो, म्हणून मुक्कामी त्यावर विसंबल्यास काही तासांतच बॅटरी बसते. शिवाय फ्रीज गॅसवर असो वा विजेवर, त्याचे नियंत्रण करणारा सर्किट बोर्ड १२ व्होल्टवरच चालतो, आणि बॅटरी क्षीण असेल किंवा मागच्या बाजूची ग्राउंडची तार गंजलेली असेल तर बोर्ड मधूनमधून बंद पडतो. फ्रीज अधूनमधून विनाकारण थांबतो अशी तक्रार असेल तर बोर्ड बदलण्यापूर्वी ती जोडणी घासून स्वच्छ करावी.

गॅसवर चालताना बिघडत असेल तर आधी ज्योत पाहावी. ती निळी, टोकदार आणि स्थिर हवी. पिवळी व लवलवती ज्योत अपुऱ्या ज्वलनाची खूण असून तिच्यातून काजळी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतात, म्हणून अशा अवस्थेत फ्रीज गॅसवर चालवू नये. ज्योतीच्या वर उभ्या धुराड्यात पिळाची एक पट्टी टांगलेली असते, जी गरम वायूंना गिरक्या घ्यायला लावून त्यांची उष्णता बॉयलरला मिळवून देते. धुराड्यातला गंज व काजळी बर्नरवर पडून ज्योत अडते, किंवा पट्टी निसटून खाली आली तर उष्णता वाया जाते. गॅसची मुख्य तोटी बंद करून आणि भाग थंड झाल्यावर ही पट्टी काढावी, धुराडे बारीक ब्रशने साफ करावे, खाली पडलेला गंज हवेने उडवावा आणि पट्टी पूर्वीच्याच उंचीवर टांगावी. बर्नरच्या नळीत कोळ्यांची जाळी हमखास सापडतात. ज्यातून गॅस बाहेर येतो ते सूक्ष्म छिद्र मात्र तार किंवा सुई घालून कधीही साफ करू नये, कारण छिद्र तिळभर जरी रुंदावले तरी ज्योतीचे प्रमाण बिघडते. ते अल्कोहोलमध्ये भिजवून वाळू द्यावे किंवा बदलावे. गॅसचा दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे सुमारे २७ मिलिबार, असावा लागतो, आणि तो मोजण्याचे व सुधारण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे. शेगडीची ज्योतही मंद दिसत असेल तर दोष फ्रीजमध्ये नसून रेग्युलेटरमध्ये आहे एवढे अनुमान कोणालाही करता येते. कोलोरॅडोच्या पर्वतांत ५,५०० फुटांच्या वर विरळ हवेमुळे बर्नर नीट न चालण्याची किंवा विझण्याची शक्यता असते. तो बिघाड मानू नये आणि शक्य तिथे फ्रीज विजेवर चालवावा.

युनिट, हवा आणि उष्णता हे सारे ठीक असूनही थंडावा टिकत नसेल तर तो निसटतो कुठे हे पाहावे. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार बंद करावे व पट्टी ओढावी. ती विनासायास सुटली तर तिथून बाहेरची दमट हवा आत शिरत आहे. मुख्य कप्प्याच्या मागच्या भिंतीवरील धातूच्या पट्ट्यांवर बर्फ चढला की तो उष्णता अडवतो, म्हणून जाड थर होण्यापूर्वीच फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. या पट्ट्यांखालून बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नळीच्या टोकाला असलेले छोटे बूच हरवलेले असेल तर तिच्यातूनही गरम हवा आत येत राहते. पट्ट्यांना चिमट्याने लावलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा संवेदक, खाली घसरलेला किंवा बिघडलेला असेल तर फ्रीज अवेळी थांबतो. डोमेटिकच्या अनेक नमुन्यांत तो बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवल्यावर सुमारे ७,००० ते १०,००० ओहम दाखवतो, आणि चांगला असूनही थंडावा थोडा कमी वाटत असेल तर त्याला पट्टीवर वर सरकवणे हाच उपाय असतो.

भरण्याच्या सवयींचा परिणामही दुर्लक्षण्याजोगा नाही, विशेषतः सहलीला निघताना घरचा स्वयंपाक बरोबर नेणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी. या फ्रीजची थंड करण्याची शक्ती त्याला दिलेल्या उष्णतेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ३०० वॅटला ६० वॅटच्या आसपास असते. तेव्हा ८० अंशांची एक लिटर आमटी ४ अंशांवर आणण्यात त्याची जवळपास दीड तासाची संपूर्ण शक्ती खर्च होते, आणि तोवर शेजारचे दूध-दही तापत राहते. म्हणून फ्रीज आदल्या दिवशीच सुरू करावा, घरच्या फ्रीजमध्ये थंड केलेलेच डबे त्यात ठेवावेत, आणि फळ्यांवर कागद किंवा प्लास्टिक अंथरू नये, कारण आत पंखा नसताना थंड हवा फळ्यांच्या फटींतूनच खाली उतरते. अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले असेल तर दूध, मांस, मासे व शिजवलेले पदार्थ टाकून देणे हाच सुरक्षित मार्ग होय. बाहेर ३२ अंशांहून जास्त उकाडा असेल तर ही मुदत एका तासावर येते.

अलीकडच्या अनेक ट्रेलरमध्ये १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज येतो, आणि त्याला वरील बहुतेक नियम लागू पडत नाहीत. त्याची तक्रार बहुधा विजेच्या दाबाची असते : बॅटरीपासून फ्रीजपर्यंतची तार बारीक किंवा लांब असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताच दाब कोसळतो, म्हणून दाब फ्रीजच्या टोकाशी, नेमका त्या क्षणी मोजावा. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या सेकॉप कंपनीच्या प्रचलित बीडी मालिकेतील नियंत्रकात मूळ मांडणीप्रमाणे १०.४ व्होल्टला कॉम्प्रेसर बंद पडतो व ११.७ व्होल्टनंतरच पुन्हा सुरू होतो, आणि त्याला दिवा जोडलेला असेल तर एकाच लुकलुकण्याने बॅटरीचा कमी दाब सूचित होतो. अशा वेळी फ्रीज उघडण्याऐवजी तार जाड करावी.

शोषण-फ्रीजच्या बाबतीत एक अवस्था मात्र अशी आहे, की तिथे तपासणी तत्काळ थांबवली पाहिजे. फ्रीजमध्ये अमोनियाचा उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास येऊ लागला किंवा मागच्या नळ्यांवर, विशेषतः बॉयलरपाशी, पिवळसर भुकटी दिसली, तर नळी फुटली असून सोडियम क्रोमेट बाहेर आले आहे; त्यात हायड्रोजनही निसटत असल्याने आगीचा धोका असतो. गॅस व वीज दोन्ही बंद करावीत, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि फ्रीज पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. हा धोका काल्पनिक नाही : बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आग लागण्याच्या शक्यतेमुळे डोमेटिकने २००६ मध्ये आपले लाखो फ्रीज सुरक्षा-दुरुस्तीसाठी परत बोलावले होते आणि नॉरकोल्ड या दुसऱ्या फ्रीज-निर्मात्यानेही २०१० मध्ये आपल्या मोठ्या फ्रीजबाबत तसे केले. म्हणून जुना ट्रेलर विकत घेणाऱ्याने फ्रीजच्या आतल्या बाजूस चिकटवलेला नमुना व अनुक्रमांक टिपून अशी दुरुस्ती झाली आहे का, हे निर्मात्याकडून जाणून घेणे अगत्याचे आहे.

गळती नाही, फ्रीज समतल आहे, हवा खेळती आहे, बॉयलर चांगला तापतो आहे आणि तरीही गॅस व वीज या दोन्हींवर बारा तासांनंतर फ्रीझर कोमट आहे, अशी स्थिती असेल तरच युनिट निकामी झाले असे म्हणावे. फ्रीज बाहेर काढून उलटा ठेवल्यास तुंबलेला द्रव सुटतो असा उपाय जुने ट्रेलरवाले सांगतात. दीर्घकाळ बंद पडून असलेल्या फ्रीजमध्ये त्याचा क्वचित उपयोग होतो, परंतु क्रोमेटने तुंबलेल्या नळीत तो निरुपयोगी आहे आणि तेवढे वजन हलवण्याचे कष्ट सहसा वाया जातात. सीलबंद युनिटची गळती डाग देऊन बुजवता येत नाही, त्यामुळे नवे शोषण-युनिट, कॉम्प्रेसरचे रूपांतर-युनिट किंवा पूर्ण नवा फ्रीज हेच पर्याय उरतात. ज्याचा मुक्काम बहुधा विजेची जोडणी असलेल्या तळांवर असतो किंवा ज्याच्याकडे छतावर सौरपट्ट्या व मोठी बॅटरी आहे, त्याला कॉम्प्रेसर सोयीचा ठरतो, कारण उतार व उन्हाळा यांची त्याला फारशी क्षिती नसते. रानावनात अनेक दिवस विजेविना राहणाऱ्याला मात्र गॅसच्या एका टाकीवर कित्येक दिवस चालणारे शोषण-युनिटच अधिक उपयोगी. कोणताही पर्याय निवडला तरी जुने युनिट बाहेर काढल्यावर कोनाड्याची मागची भिंत मोजावी आणि नवे युनिट शोषण प्रकारचे असेल तर त्याच्या कंडेन्सरमागे उरणारी पोकळी एक इंचाच्या आत आणूनच ते बसवावे.